सोन्नलगी, शोलापूर, सोलापूर

परवा एका नातेवाइकांनी फोनवर विचारलं, "आपल्या सोलापूरबद्दल इंटरनेटवर इतकं कमी का रे सापडतं?" प्रश्न साधा होता, पण उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकू. निदान बाकीच्या मंडळींनाही वाचता येईल.

थोडक्यात उत्तर असं: कमी नाहीये, वेगवेगळ्या नावांखाली पडलंय. आंतरजालावरच्या शोधाच्या चौकटीत आपण 'सोलापूर' टंकतो आणि यंत्र ती अक्षरं शोधतं. (अलीकडची यंत्रं जवळपासची अक्षरंही शोधतात, पण तीही एका मर्यादेपर्यंतच.) गाव शोधणं हे यंत्राचं काम नाही. गाव आणि अक्षरं यांतला फरक एकदा लक्षात आला, की निम्मं काम झालं म्हणून समजा. नाहीतर पहिल्या दहा दुव्यांत चादरी, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. याही आपल्या अभिमानाच्या गोष्टी आहेतच म्हणा, पण इतिहास शोधायला बसलेल्या माणसाचं पोट चटणीनं भरत नाही.

सुरुवात इंग्रजी स्पेलिंगपासून करू. इंग्रजांनी गावाचं नाव 'श'नं लिहिलं, शोलापूर. १८८४ साली कॅम्पबेलच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा विसावा खंड निघाला, तो आपल्या जिल्ह्याचा. त्याच्या मुखपृष्ठावरही शोलापूरच. ही सवय स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं टिकली. आपल्याच गावातली जीवराज जैन ग्रंथमाला घ्या. १९४३ मध्ये 'तिलोयपण्णत्ती'चा पहिला भाग याच मालेत आला. प्राकृतातला जुना आणि मोलाचा ग्रंथ. १९४९ मध्ये कृष्णकांत हंदिकै या आसामी पंडितांचा 'यशस्तिलक अँड इंडियन कल्चर' हा जाडजूड इंग्रजी ग्रंथही इथूनच प्रसिद्ध झाला. हंदिकै म्हणजे गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्यांचं पुस्तक सोलापुरात निघालं हे आज किती सोलापूरकरांना ठाऊक असेल? जगभरच्या ग्रंथालयांच्या याद्यांत या पुस्तकांचं प्रकाशनस्थळ नोंदलेलं आहे, पण 'श'नं. तुम्ही 'स'नं शोधलंत तर तुमच्या गावानं काय काय छापलं ते तुम्हाला दिसणारच नाही.

देवनागरीत तरी हा घोळ नसेल असं वाटतं, पण तिथेही आहे. आपण 'पूर' दीर्घ लिहितो. हिंदीवाले 'पुर' ऱ्हस्व लिहितात, शिवाय तिकडे 'शोलापुर'ही चालतं. म्हणजे मराठी-हिंदी मिळून देवनागरीतच चार रूपं झाली. ऱ्हस्व-दीर्घावरून शाळेत खाल्लेल्या छड्या आठवत असतील, तर त्यांचा उपयोग इथे आहे.

आता हे सगळं जिथे खरोखर महत्त्वाचं ठरतं, तिथे येतो.

१९३० चा मे महिना. गांधीजींना ५ मे रोजी अटक झाली आणि सोलापूर पेटलं. गिरण्या बंद पडल्या, ८ मेला गोळीबार झाला, आणि पुढचे काही दिवस गावात इंग्रजी अंमल जवळजवळ उरला नाही. १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला. नंतर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. सोलापुरात वाढलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. चौघांचे पुतळे गावात आहेत, रस्त्याच्या पत्त्यातसुद्धा ते येतात.

माझ्या भाच्याला शाळेत या विषयावर प्रकल्प होता. दोन दिवस शोधून म्हणाला, "मामा, सगळीकडे एकच उतारा आहे. एकानं दुसऱ्याचा उतरवलाय." खरंच होतं ते. तीच वाक्यं, तोच क्रम, आणि कुठून घेतलं याचा पत्ता नाही.

पण याच घटनेवर मूळ कागदांचा ढीग महाजालावर आहे. मे १९३० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात सोलापूरबद्दल प्रश्न विचारले गेले, वेजवुड बेन हे तेव्हाचे भारतमंत्री. त्या चर्चांची इतिवृत्तं आज घरबसल्या वाचता येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं २०१५ मध्ये 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथे जुन्या सरकारी फायलींची यादी शोधता येते आणि पुष्कळ फायली वाचताही येतात. फक्त तिथे तुम्हाला सरकारच्या शब्दांत विचारावं लागतं. सरकारी नोंदीत 'हुतात्मा' हा शब्द कसा असेल? तिथे 'मार्शल लॉ' असणार, 'दंगल' असणार, 'कायदेभंग' असणार, आणि गाव 'श'नं लिहिलेलं असणार. ज्यांनी फाशी दिलं त्यांच्या शब्दांत शोधल्याशिवाय फाशी गेलेल्यांचे कागद मिळत नाहीत, हे जरा बोचतं खरं. पण कागद त्यांनी लिहिले आणि त्यांनीच सांभाळले. नावं त्यांनी दिली.

शिवाय चार माणसांच्या नावांची रोमन लिपीतली रूपं किती व्हावीत? कुर्बान क्यूनं लिहितात, केनंही लिहितात. हुसेनमध्ये एक एस की दोन, शेवटी ए की ई. धनशेट्टी आयनं की वायनं. सारडांचं पहिलं नाव कुठे श्रीकिसन, कुठे श्रीकृष्ण, तर कुठे नुसतंच किसन. एकाच माणसाची ही पाच-सहा रूपं यंत्राच्या लेखी पाच-सहा माणसं होतात. भाच्याला आम्ही एका कागदावर ही सगळी रूपं लिहून दिली आणि म्हटलं, आता एकेक करून टाक. त्याला जे सापडलं ते वर्गात कोणाकडेच नव्हतं.

आता आणखी मागे जाऊ, बाराव्या शतकात. आपले सिद्धरामेश्वर. त्यांची वचनं कानडीत आहेत, आणि कानडी वाङ्मयात त्यांचं गाव 'सोन्नलगी' म्हणून येतं. बसवेश्वर, अल्लमप्रभू यांच्या मांदियाळीतला हा एवढा मोठा माणूस. त्यांच्यावर कर्नाटकात जे काम झालंय ते 'सोन्नलगीचे सिद्धराम' म्हणून झालंय. वचनसाहित्य आज कानडी लिपीत शब्दाशब्दानं शोधता येतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला लाखो लोक जमतात, नंदीध्वजांची मिरवणूक निघते. त्यातल्या एखाद्या मुलाला वाटलं की सिद्धेश्वरांनी स्वतः काय म्हटलंय ते वाचावं, तर 'सोलापूर' हा शब्द त्याला तिथे नेईलच असं नाही. 'सोन्नलगी' हा शब्द माहीत असेल तर दार उघडतं. (आणि कानडी येणारी आजी घरात असेल तर सोन्याहून पिवळं. सोलापुरात ती असतेच, नाहीतर शेजारी असते.)

दुसरं उदाहरण डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. तिथेच त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच ते गेले. मराठीत 'कोटणीस', हिंदीत 'कोटनीस'. शांतारामबापूंच्या १९४६ च्या हिंदी चित्रपटाच्या नावातही 'न'च आहे. पण चीनमध्ये ते यातल्या कोणत्याच नावानं ओळखले जात नाहीत. तिथे ते 'के दिहुआ'. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी 'हुआ' जोडलं होतं, 'हुआ' म्हणजे चीन. त्यांच्यावरचे चिनी लेख, छायाचित्रं, त्यांच्या पत्नी ग्वो छिंगलान यांच्या आठवणी, हे सगळं त्या तीन चिनी अक्षरांखाली आहे. ती तीन अक्षरं विकिपीडियावरून उचलून शोधाच्या चौकटीत डकवलीत, की भैय्या चौकातला मुलगा एका वेगळ्याच देशाचा नायक होऊन समोर येतो. भाषांतर करणारी यंत्रं आता बरी झाली आहेत, त्यामुळे लेख बऱ्यापैकी समजतोही.

नावांचा हा प्रश्न आपल्याच पिढीला पडला असं मात्र समजू नका. ग्रंथालयवाल्या मंडळींनी तो फार पूर्वी ओळखला होता आणि एका शब्दात सोडवला होता. तो शब्द म्हणजे 'पाहा'. विश्वकोश उघडून बघा, नोंदीच्या शेवटी 'पहा' म्हणून दुसऱ्या नोंदी दिलेल्या असतात. केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, तेव्हा त्यांतला एक अख्खा खंड सूचीला दिला. माहिती गोळा करणं हे निम्मंच काम, ती मिळण्याची सोय करणं हे उरलेलं निम्मं, असा तो हिशोब होता. शंकर गणेश दाते यांनी तर मराठी ग्रंथसूचीचं काम एकट्याच्या जिद्दीवर उभं केलं. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची त्यांची सूची १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९३८ ते १९५० चा पुढचा भाग १९६१ मध्ये. संगणक नाही, झेरॉक्स नाही. ग्रंथालयं पालथी घालायची आणि हातानं नोंदी करायच्या. आज कोणतं मराठी पुस्तक कधी आणि कुठे निघालं असा वाद झाला, की लोक अजून दात्यांचीच सूची उघडतात.

आणि रंगनाथन! गणिताचे प्राध्यापक, मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं सांगतं, वाचकाचा वेळ वाचवा. शोधणाऱ्याला कोणतं नाव माहीत असेल हे नोंद करणाऱ्यानं आधीच ओळखायचं आणि त्या प्रत्येक नावापाशी एक पाटी लावून ठेवायची, 'इकडे नाही, तिकडे पाहा'. महाजालावर ही पाटी लावणारा माणूस बहुतेक ठिकाणी नसतो. तेव्हा ते काम आपल्यावर येतं.

नोंदीच चुकीच्या असल्या तर काय होतं याचं उदाहरण म्हणजे 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं या शतकाच्या सुरुवातीला हा प्रकल्प हाती घेतला आणि देशभरातली लाखो पुस्तकं स्कॅन झाली, मराठीही भरपूर. काम मोठंच. पण मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत, ज्याला जसं सुचेल तशी टंकलेली. लेखकाच्या जागी प्रकाशक, शीर्षकात अर्धाच शब्द, सालाच्या जागी शून्य. पुढे ते संकेतस्थळच बंद झालं. सुदैवानं स्वयंसेवकांनी त्यातली लाखो पुस्तकं 'इंटरनेट अर्काइव्ह'वर उतरवून ठेवली होती, म्हणून ती आज वाचता येतात. पण नावं तीच आली, चुकांसकट. पुस्तक आहे, फुकट आहे, पण सापडत नाही. कपाटात चुकीच्या फळीवर ठेवलेलं पुस्तक हरवल्यातच जमा, असं ग्रंथपाल म्हणतात ते यासाठीच.

मराठी पानांचं आणखी एक दुखणं होतं, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा फाँट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर नुसती चिन्हांची रांगोळी. संगणकात साठवलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, फाँट त्यांना देवनागरीचे कपडे चढवायचा. शोधयंत्राला कपडे दिसत नाहीत. त्यामुळे त्या काळात महाजालावर लिहिलेला पुष्कळसा मराठी मजकूर शोधात कधी आलाच नाही, आणि पाठोपाठ बंद पडून गेला. १९३० चा सोलापूर निदान सरकारी फायलीत आहे. १९९८ चा सोलापूर, म्हणजे गिरण्या एकामागून एक थंडावत होत्या त्या काळातला, त्याबद्दल कोणी संगणकावर काय लिहिलं होतं, ते शोधणं जास्त अवघड आहे.

स्कॅन केलेल्या पानांतून अक्षरं ओळखणारी यंत्रं आता आली आहेत, पण खिळ्यांच्या जुन्या छपाईत 'ध' आणि 'घ' यांत एका गाठीचाच फरक. 'धनशेट्टी'चं 'घनशेट्टी' झालं की हुतात्मा पुन्हा एकदा यादीतून गेला. म्हणून मी चुकीची रूपंही मुद्दाम शोधून बघतो. आणि हल्ली तर थेट यंत्रालाच प्रश्न विचारला की ते गुळगुळीत परिच्छेद लिहून देतं. त्यालाही एकच विचारायचं, "हे कुठून?" आणि त्यानं सांगितलेला कागद स्वतः उघडून बघायचा.

सापडलेलं टिकवणं हा पुढचा भाग. याद होणं आणि याद राहणं यात जेवढं अंतर, तेवढंच सापडणं आणि पुन्हा सापडणं यात. जिओसिटीजवरची पानं २६ ऑक्टोबर २००९ ला गेली. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं. दुवे साठवून ठेवायचं 'पॉकेट' ८ जुलै २०२५ ला. यातून धडा एवढाच, की दुवा म्हणजे घराचा पत्ता. घर पाडलं की पत्ता फुकट. माणसाचं नाव, गाव, वय लिहून ठेवलं असेल तर तो नव्या घरीही सापडतो.

नावंही बदलत राहणारच. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये झालं आणि २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. २००४ च्या आधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात होती, म्हणजे सोलापूरवरचा जुना प्रबंध कोल्हापूरच्या नावावर सापडणार. शेजारचं उस्मानाबाद २०२३ मध्ये धाराशिव झालं. नाव बदलावं की नाही तो वाद आपला नाही, पण शोधणाऱ्यानं दोन्ही लक्षात ठेवायला हवीत.

माझी पद्धत अगदी बाळबोध आहे. एक साधी वही (संगणकावरही चालेल, पण साध्या मजकुराची फाइल हवी). प्रत्येक नोंदीला पाच गोष्टी: काय सापडलं ते एका मराठी वाक्यात, कोणी लिहिलं आणि कोणत्या साली, दुवा, आणि 'इंटरनेट अर्काइव्ह'वर त्याची जपलेली प्रत, पाहिल्याची तारीख, आणि शेवटी, ते कोणत्या शब्दानं सापडलं. हा शेवटचा रकाना कोणी ठेवत नाही, पण सगळ्यात कामाचा तोच. महत्त्वाचं असेल तर प्रत स्वतःकडे उतरवून घ्यायची, आणि फाइलच्या नावात साल, माणूस, गाव. डिजिटल लायब्ररीतल्या पुस्तकांना अर्काइव्हवर एक लांबलचक क्रमांक असतो. शीर्षक कितीही चुकीचं असो, तो क्रमांक लिहून ठेवला की पुस्तक पुन्हा हाती लागतं.

हीच गोष्ट घरच्या कागदांना. नातेवाईक मंडळींसाठी खास सांगतो. कुटुंबाच्या ग्रुपवर जुने फोटो येतात, सगळे बदाम टाकतात, आणि आठवड्यानं तो फोटो कोणालाच सापडत नाही, कारण त्याचं नाव एक लांबलचक आकडा असतं. फोटोत डावीकडून कोण, साल अंदाजे कोणतं, वाडा कोणत्या पेठेतला, एवढं खाली टंकून ठेवायला पाच मिनिटं लागतात. ते सांगू शकणारी माणसं आता घरोघरी एक-दोनच उरली आहेत. आणि हो, आत्याचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहा. आपल्या बायकांची नोंद निम्म्या वेळा याच कारणानं तुटते.

असो. बरंच लांबलं. ज्यांच्याकडे १९३० च्या सोलापुराबद्दल घरात काही कागद, पत्रं, फोटो असतील, त्यांनी ते स्कॅन करताना गावाचं नाव दोन्हीही तऱ्हांनी लिहा, 'स'नं आणि 'श'नं. आणि भाच्याच्या यादीत चौघांच्या नावांचं एखादं रूप राहिलं असेल, तर जरूर कळवा.